ग्रीक पोथीचं एक सुटं पान आणि माझं झेरॉक्सचं दुकान

दिवाळीच्या आधी दुकानात नवा फोटो प्रिंटर घेतला आणि तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात, की याच्यात सोनेरी रंग कसा उतरतो ते बघायचं, कारण आमच्या भागात लग्नपत्रिका म्हणा, सन्मानपत्र म्हणा, बारशाचं बॅनर म्हणा, सगळ्यांना बॉर्डर सोनेरीच पाहिजे असते अन् प्रिंटरमधे सोनं नावाची शाईच नसते, तो बिचारा पिवळा-लाल-काळा मिसळून एक मातकट पिवळा काढून देतो. म्हणलं टेस्टच करायची तर खरं सोनं लावलेलं चित्र घेऊ. आजकाल मोठ्या म्युझियमच्या साइटवरून भरपूर मोठ्या साइजचे फोटो फुकट उतरवता येतात, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनने २०१७ मधे अन् क्लीव्हलँडच्या म्युझियमने २०१९ मधे आपापल्या संग्रहातल्या कॉपीराइट नसलेल्या वस्तूंचे फोटो कोणालाही कसेही वापरायला मोकळे करून टाकले. असंच शोधता शोधता एका साइटवर मध्ययुगीन ग्रीक शुभवर्तमानाच्या हस्तलिखितातलं एक सुटं पान सापडलं, एक म्हातारा लिहायला बसलाय अन् मागे सगळं सोनंच सोनं.

प्रिंट मातकटच आली. पण पान काही डोक्यातून जाईना. गिऱ्हाईक नसलं की झूम करून बघत बसायचो, बायको म्हणायची त्या बुढ्यानं काय तुमचं कर्ज घेतलं का.

मी ते स्टेटसला ठेवलं तेव्हा तिघाचौघांनी विचारलं हे कोणते महाराज, म्हणून थोडं सांगतो. बायझंटाइन साम्राज्य, राजधानी कॉन्स्टँटिनोपल म्हणजे आजचं इस्तंबूल, तिथली चर्चची अन् कारभाराची भाषा ग्रीक. येशूच्या चरित्राची चार शुभवर्तमानं मुळात ग्रीकमधेच लिहिलेली, मत्तय, मार्क, लूक, योहान, अन् ती चारही एका जिल्दीत हाताने उतरवून ठेवायची तिथे शेकडो वर्षांची पद्धत. (मुळातून ग्रीक वाचणारं आपल्याकडे कोणी होतं का असा प्रश्न पडला तर होतं, पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते त्या गेल्यावर १९२४ मधे पूर्ण छापून बाहेर आलं. हे आम्हाला शाळेत का नाही सांगितलं देव जाणे.) तर प्रत्येक शुभवर्तमान सुरू होण्याआधी डाव्या हाताच्या पानावर ते लिहिणाऱ्याचं पानभर चित्र, अन् समोर उजव्या पानावर वरती वेलबुट्टीची चौकट अन् तिच्याखाली मजकूर सुरू. माझ्याजवळचं जे आहे ते असं डाव्या हाताचं चित्राचं पान, अकराव्या-बाराव्या शतकातलं, आपल्या पोथीपासून तुटलेलं.

चित्रातला म्हातारा म्हणजे मत्तय. पांढरी दाढी, पायाखाली पाट, समोर लिहिण्याचं मेज. त्या मेजावर काय काय मांडलंय ते बघण्यात माझे किती तास गेले असतील. दौत आहे, चाकू आहे, मापं घ्यायचा कंपास आहे, बाजूला उभ्या घडवंचीवर एक उघडं पुस्तक ठेवलंय ज्यात बघून तो उतरवतोय. म्हणजे चित्रकाराने संत काढायच्या नावाखाली स्वतःच्या शेजारी बसणाऱ्या लेखनिकाचं सगळं सामान काढून ठेवलं. मेजाची कड अशी तिरपी की खरंखुरं असतं तर दौत घसरून खाली आली असती, पण त्यांना त्याची पर्वा नव्हती. अन् मागे आकाश नाही, भिंत नाही, सावली नाही, फक्त सोनं. ही माणसं आपल्या जगातल्या खोलीत बसलेली नाहीत हे सांगायची ती पद्धत.

चारही जण दिसायला ठरलेले असतात. मत्तय अन् योहान म्हातारे, मार्क काळ्या केसांचा, लूक तरुण अन् विरळ दाढीचा. योहानाचं चित्र तर कधीकधी वेगळंच असतं, तो पात्मोस बेटावर उभा राहून वर आभाळाकडे कान देतोय अन् त्याचा शिष्य प्रोखोरोस खाली बसून भराभर लिहून घेतोय. ते बघितल्यावर मला रिद्धपूर आठवलं. माझ्या मामाचं घर महानुभाव पंथाचं, लहानपणी रिद्धपूरला बऱ्याच वेळा गेलोय, तिथे म्हाइंभटांबद्दल ऐकलेलं की चक्रधर स्वामींच्या लीळा त्यांनी नागदेवाचार्यांना विचारून, माणसामाणसाकडे जाऊन, आठवणी गोळा करून लिहिल्या. तेराव्या शतकातली गोष्ट. म्हणजे ही ग्रीक पोथी कोणीतरी उतरवली त्याच्यानंतर शंभर-दोनशे वर्षांनी आपल्या अमरावती जिल्ह्यात लीळाचरित्र लिहिलं जात होतं. एकाने सांगायचं दुसऱ्याने लिहायचं हे चित्र आपल्याकडे कोणी काढलं नाही एवढंच.

आता कातड्याचं. हे पान कागदाचं नाही, चामड्याचं आहे, वासरू-मेंढी-बकरी यांचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवून, केस काढून, चौकटीत ताणून, चंद्रकोरीसारख्या सुरीने खरवडत वाळवलेलं. मला हे वाचून कळलं होतं पण पटत नव्हतं की इतकं पातळ होऊ शकतं. आमच्या बाजूच्या गावी एक बाबाजी आहेत, डफडी मढवतात, त्यांचा आयुष्यमान कार्डाचा फॉर्म भरायला ते दुकानात आले तेव्हा मी पानाची मागची बाजू मोठी करून स्क्रीनवर दाखवली. मागे चित्र नाही, कोरी आहे. मी विचारलं, बाबाजी, हे कागद वाटते का कातडं?

"कागद कायचा बे. हे ठिपके पाय नं, केस उपटले त्याचे भोकं होय हे. केसाच्या अंगाची बाजू हाय. मासाच्या अंगाची पांढरी रायते, हे पिवयी रायते."

मी म्हणलं बकरीचं का मेंढीचं? तर म्हणे हातात घेतल्याबिगर नाही सांगत, फोटोत पाहून सांगन तो भोंदू.

बाबाजींना हे माहीत असायचं कारण नाही, पण १८८५ मधे कास्पार रेने ग्रेगरी नावाच्या विद्वानाने ग्रीक हस्तलिखितांबद्दल हीच गोष्ट नियम म्हणून मांडली. पोथी उघडली की समोरासमोरची दोन पानं नेहमी एकाच अंगाची, केसाच्या बाजूसमोर केसाची बाजू अन् मासाच्या बाजूसमोर मासाची, म्हणजे उघडल्यावर दोन्ही पानांचा रंग सारखा दिसावा, एक पिवळं एक पांढरं असं बेंगरूळ नको. चार मोठे ताव मधोमध दुमडले की आठ पानांची जुडी होते, सोळा बाजू, अन् ग्रीक जुडीची सगळ्यात बाहेरची बाजू मासाच्या अंगाची. आता विचार करा, तुमच्या हातात एक सुटं पान आलं, चित्र मासाच्या अंगावर आहे, तर त्याच्या समोरचं पानही मासाच्याच अंगाचं असणार, म्हणजे जुडीतल्या अर्ध्या जागा बाद झाल्या. कातड्याच्या रंगावरून. एक अक्षर न वाचता.

यात एक गोम आहे. ही चित्रांची पानं बऱ्याच वेळा जुडीचा भाग नसायचीच. लेखनिक आपला मजकूर लिहायचा, चित्रकार दुसरीकडे सुट्या पानावर चित्र काढायचा, मागची बाजू कोरी, अन् नंतर बांधताना ते पान मधे घालून शिवायचे. म्हणून तर ती इतकी सहज निघाली. पोथीतलं सगळ्यात महागडं पान अन् शिवण त्याचीच सगळ्यात कच्ची.

लिहिण्याबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. ग्रीक छोटी अक्षरं, जोडून लिहायची, ही नवव्या शतकात पुस्तकांमधे आली, तारीख लिहिलेली सगळ्यात जुनी पोथी ८३५ सालची आहे, ती पण शुभवर्तमानाचीच, सध्या सेंट पीटर्सबर्गला. आधी रेघा मारायच्या, शाईने नाही, टोकदार दाभणासारख्या वस्तूने दाबून, म्हणजे एका बाजूला खोबण अन् दुसऱ्या बाजूला उंचवटा. सुरुवातीला अक्षरं त्या रेघेवर बसायची, पुढे दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत ती रेघेखाली लटकायला लागली. रेघेला लटकलेली अक्षरं! आपल्याला याच्यात काही विशेष वाटत नाही कारण आपण पहिलीपासून तेच करतो, पण इंग्रजी लिहिणाऱ्याला हे उलटं वाटतं म्हणे. लेखणी पण पिसाची नाही, बोरूची. तिरका काप दिलेला बोरू, तोच आपल्या जुन्या पोथीवाल्यांचा. शाई मात्र आपली काजळीची अन् त्यांची बहुतेक वेळा माजूफळ अन् हिराकस यांची, म्हणून त्यांची अक्षरं आज तपकिरी दिसतात अन् आपल्या पोथ्यांची अजून काळीभोर. या एका बाबतीत आपण जिंकलो.

आणि रंग. लाल म्हणजे हिंगूळ, तो आपल्याकडेही. भारीतला निळा म्हणजे लाजवर्द, अफगाणिस्तानात बदख्शानच्या खाणीतून निघणारा दगड, तिथून कॉन्स्टँटिनोपलला जायचा अन् इकडे आपल्याकडच्या चित्रित पोथ्यांनाही पुरायचा. पण ग्रीक चित्रांची एक दुखरी बाजू आहे, रंग पोपडे धरून उडतात. तिथले लोक कातडं गुळगुळीत चकाकतं करायला त्याच्यावर अंड्याच्या पांढऱ्याचा हात द्यायचे, अन् चकाकत्या पृष्ठभागावर रंग नीट धरत नाही. माझ्या मत्तयाच्या गुडघ्यावरचा निळा असाच उडालाय, खाली कोरं कातडं दिसतं अन् त्यावर चित्रकाराने आधी काढलेल्या बारीक रेषा. मला तर तो उडालेला भागच जास्त आवडतो, तिथे माणसाचा हात दिसतो.

बरं, ही पानं सुटी झाली कशी? याचं एकच एक उत्तर नाही पण एक किस्सा ऐका. १८३७ मधे रॉबर्ट कर्झन नावाचा इंग्रज (बंगालच्या फाळणीवाला कर्झन नव्हे, हा वेगळा) ग्रीसमधल्या ॲथोस पर्वतावरच्या मठांत जुनी पुस्तकं शोधत हिंडत होता. काराकालू मठात त्याला मत्तयाच्या फार जुन्या ग्रीक पोथीचं एक सुटं पान दिसलं. त्याने मठाधिपतीला म्हणलं हे एवढं पान मला द्या. त्यांनी विचारलं तुम्हाला कशाला? कर्झनच्या नोकराने मधेच सुचवलं, मुरांब्याच्या बरण्यांची तोंडं बांधायला होईल. तर मठाधिपती म्हणाले हो का, मग आणखी घ्या, अन् बाजूची एक जाड पोथी उचलून चाकूने तिची शेवटची इंचभर पानं कापून हातात दिली. हे कर्झनने स्वतःच लिहून ठेवलंय. त्याने जमवलेली हस्तलिखितं पुढे १९१७ मधे ब्रिटिश म्युझियमला गेली.

हा किस्सा वाचून हसू येतं अन् लगेच मठवाल्यांना अडाणी ठरवायचा मोह होतो, पण मला तो किस्सा तसा वाटत नाही. एक तर सांगणारा कोण, तर पानं घेऊन जाणारा. अन् दुसरं म्हणजे युरोप-अमेरिकेतले शिकले-सवरलेले लोक हेच जास्त नीट हिशोब करून करत होते. क्लीव्हलँडला ऑटो एगे म्हणून कलेचे प्राध्यापक होते, १९५१ मधे वारले, ते अख्ख्या जुन्या पोथ्या विकत घेऊन पानं सुटी करायचे, पन्नास पोथ्यांचं एकेक पान असे संच बनवून विकायचे. त्यांच्या हाती लागल्या त्या जास्त करून पश्चिम युरोपातल्या लॅटिन पोथ्या. त्यांचं म्हणणं, ज्याला अख्खी पोथी परवडत नाही त्याला एक पान तरी मिळावं. म्हणणं चांगलंच आहे. पण एकर विकण्यापेक्षा प्लॉट पाडून विकलं तर जास्त सुटतात हे आमच्या फाट्यावरच्या एजंटलाही माहीत आहे, त्याला कोणी ज्ञानप्रसार म्हणत नाही.

अन् मग सरळ सरळ लूट. उत्तर ग्रीसमधे द्रामाजवळ इकोसिफिनिस्सा नावाचा मठ आहे, मार्च १९१७ मधे, पहिल्या महायुद्धात, बल्गेरियन सशस्त्र टोळीने तो लुटला, चारशेच्या वर हस्तलिखितं नेली. ती युरोपच्या बाजारातून फिरत फिरत अमेरिकेत पोचली. शिकागोच्या एका लुथरन पंथाच्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजने त्यांच्याकडचं एक २०१६ मधे परत केलं, वॉशिंग्टनच्या म्युझियम ऑफ द बायबलने एक शुभवर्तमान २०२२ मधे परत केलं. ॲथोसवरच्याच दिओनिसिऊ मठातली ११३३ सालची एक चित्रांची पोथी १९६० च्या सुमारास गायब झाली होती, ती १९८३ मधे लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियममधे पोचली, २०१४ मधे त्यांनीही परत पाठवली. अख्खी पोथी असली की तिची ओळख पटते, जुन्या यादीत वर्णन असतं, शिक्का असतो. सुट्या पानाचं काय? त्याला कोण ओळखणार?

इथेच मला जे म्हणायचंय ते. सोनं असलेली बाजू सगळे बघतात, लिलावाच्या कॅटलॉगमधे तीच छापतात, फ्रेम करून भिंतीवर लावली की दुसरी बाजू तर कायमची भिंतीकडे. अन् पानाचं घर कुठलं हे सांगणारा जवळजवळ सगळा पुरावा त्या दुसऱ्या बाजूला अन् कडांना असतो. माझा धंदाच असा असल्यामुळे असेल, कोणी काहीही कागद आणला की माझं पहिलं वाक्य, "मागून पण काढायचं का?" लोक म्हणतात मागे काही नाही. अन् मागेच असतो तलाठ्याचा शिक्का, मागेच असते पावतीची नोंद, मागेच कोणाच्या तरी आज्याने पेन्सिलने लिहून ठेवलेलं असतं की एवढे रुपये मिळाले.

मत्तयाच्या पानाची मागची बाजू कोरी असूनही बोलते. आतल्या कडेला शिवणीची भोकं, त्यांचं एकमेकांपासूनचं अंतर. किडीची दोन छिद्रं, आरपार. पोथीला लाकडाच्या फळ्या असायच्या, कीड फळीतून शिरून पानामागून पान पोखरत जाते, त्यामुळे शेजारच्या पानावर छिद्र त्याच जागी असणार, अन् जसजसं आत जावं तसतसं थोडं सरकत जाणार. ही छिद्रं जुळवून पानं परत क्रमाला लावतात. अन् चित्राच्या बाजूला, सोन्यावर, तिरपा उजेड टाकून काढलेला फोटो असेल तर, समोरच्या पानाच्या वेलबुट्टीच्या चौकटीचा पुसट उलटा ठसा दिसू शकतो, आठशे-नऊशे वर्षं दोघं एकमेकांना चिकटून होते त्याचा.

मागे मजकूर असेल तर मग काय, लॉटरीच. कारण ग्रीक शुभवर्तमानाच्या मार्जिनमधे एक भारी गोष्ट असते. अध्याय-ओवी अशी मोजणी तेव्हा नव्हती, बायबलच्या नव्या कराराला वचनांचे आकडे १५५१ मधे पॅरिसचा छापखानेवाला रोबेर एस्तिएन याने दिले. पण चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप युसेबियस याने चारही शुभवर्तमानांच्या तुकड्यांना नंबर लावलेले, मत्तयाचे ३५५, मार्कचे २३३, लूकचे ३४२, योहानाचे २३२, अन् कोणता तुकडा दुसऱ्या कोणाकडे कुठे सापडतो त्याचे दहा तक्ते केले. ते तक्ते पोथीच्या सुरुवातीला कमानी-खांबांच्या चित्रांत बसवायचे अन् नंबर मार्जिनमधे, वर तुकड्याचा, खाली तक्त्याचा. ग्रीकमधे आकडे म्हणजे अक्षरंच. सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीची ही लिंक आहे, क्लिक करायच्या ऐवजी पान उलटायचं एवढाच फरक. मला तर त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटतं. तर मार्जिनचा असा एक नंबर दिसला की पान पोथीत कुठे होतं ते पक्कं.

अन् खोटं पकडायलाही सगळं पानच तपासावं लागतं, नुसतं चित्र बघून होत नाही. शिकागो विद्यापीठाकडे मार्कच्या शुभवर्तमानाची एक छोटी चित्रांची पोथी होती, १९३७ मधे घेतलेली, बरेच लोक तिला चौदाव्या शतकातली धरायचे. मग रंग तपासले तर त्यात प्रशियन निळा, जो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला शोधला गेला. मजकूर तपासला तर १८६० मधे छापलेल्या एका ग्रीक आवृत्तीवरून उतरवलेला, तिथल्या छपाईच्या चुकांसकट. २००९ मधे विद्यापीठानेच जाहीर केलं की ती बनावट आहे, १८७४ नंतर कधीतरी केलेली. कॉपी करून पास होणाऱ्याला जसं पकडतात, शेजाऱ्याची चूक सुद्धा उतरवली म्हणून.

पानं कुठपर्यंत विखुरतात याचं एक उदाहरण देतो, आकडे मी वहीत लिहून ठेवलेत. सहाव्या शतकातली एक ग्रीक शुभवर्तमानाची पोथी, जांभळ्या रंगवलेल्या कातड्यावर चांदीच्या अक्षरात लिहिलेली, देवाची नावं सोन्यात. आज तिची २३१ पानं माहीत आहेत. त्यातली १८२ सेंट पीटर्सबर्गला, ३३ पात्मोसला, ६ व्हॅटिकनमधे, ४ लंडनला, २ व्हिएन्नाला, अन् अथेन्स, थेसालोनिकी, इटलीतलं लेर्मा, न्यूयॉर्क इथे एकेक. एका पोथीसाठी नऊ गावं. बहिणी-बहिणींची लग्नं लांब लांब झाल्यावर सुद्धा दिवाळीला एकत्र येतात, हे तेही नाही. स्क्रीनवर मात्र येतात एकत्र, २००९ मधे कोडेक्स सायनायटिकस या त्याहूनही जुन्या बायबलची चार देशांत विखुरलेली पानं एका साइटवर आणली, दोन्ही बाजूंनी, तिरप्या उजेडातले फोटो पण. दोन्ही बाजूंनी, हे महत्त्वाचं.

आता हे सगळं मी इतकं लांबण लावून का सांगतोय, तर मागच्या आठवड्यात दुकानात एक मावशी आल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पोथीचं एक पान घेऊन, म्हणाल्या हे लॅमिनेशन करून दे बाप्पा, मागे लाल कार्डशीट लाव म्हणजे उठून दिसीन, देवघरात ठेवायचं हाय. सासऱ्याची पोथी, सासरे गेल्यावर तिघा भावांनी वाटणीत पोथी पण वाटून घेतली, पानं मोजून. मी आधी पान बघितलं. हाताचा कागद, काळी शाई, दोन्ही बाजूंना लाल उभ्या रेघा, एका ठिकाणी हरताळाचा पिवळा हात देऊन लेखनिकाने चुकलेली ओळ झाकलेली. मी म्हणलं मावशी लॅमिनेशन नका करू, ते प्लॅस्टिक गरम करून चिकटवतात, मग जन्मात निघत नाही, आत ओल राहिली तर आतल्या आत सडतं. त्यांना वाटलं मला काम नको आहे. "शंभर रुपये देतो नं, फुकट थोडी मांगून राहिली."

मग मी पान उलटून दाखवलं. आपल्या पोथ्यांमधे पानाचा नंबर पुढे नसतो, मागच्या बाजूला मार्जिनमधे असतो, बाजूला ग्रंथाचं नाव तोडून दोन अक्षरांत. तिथे होतं, ४७. मावशींनी इतकी वर्षं ते पान पूजेत ठेवलं पण उलटून बघितलं नव्हतं, त्यांना वाटायचं दुसरी बाजू म्हणजे पाठ, तिच्याकडे कशाला बघायचं. मी दोन्ही बाजू स्कॅन केल्या, सहाशे डीपीआय, बाजूला पट्टी ठेवून, म्हणजे साइज कळते, अन् पान सुती कापडात गुंडाळून दिलं. देवघरासाठी स्कॅनची प्रिंट काढून ती लॅमिनेट केली, लाल कार्डशीट लावून. त्यावर त्या खूश. पैसे प्रिंटचेच घेतले.

मग मावशींनी तिथूनच धाकट्या देराला फोन लावला, भाऊजी, तुमच्या पानाच्या मांगं किती नंबर हाय ते पाहून सांगा. स्पीकरवर होता. तिकडून आवाज आला की मांगं कसं पाहू वयनी, मी तं तवाच प्लायवुडवर फेविकॉलनं चिकटवून वरून काच लावून घेतली. मी मधेच ओरडलो, काढू नका, ओढू नका, आहे तशी फ्रेम घेऊन या, काचेवरून तरी फोटो घेऊ अन् समोरच्या मजकुरावरून क्रम लागतो का बघू. मधल्या भावाची पानं अकोल्याला मुलाकडे, तो म्हणाला व्हिडिओ कॉल करतो, अजून केला नाही. धाकटे भाऊजी येतो म्हणाले पण त्यांच्याकडे सध्या हरभऱ्याला पाणी देणं चालू आहे, शेतातली लाइन रात्री बारानंतर येते, दिवसा झोपलेले असतात, तर येतील सवडीनं. कोणाला पोथीचं पान प्लायवुडवरून कसं सोडवायचं ते माहीत असेल तर खाली सांगा, फेविकॉलला पाणी लावून चालतं असं मला एकाने सांगितलंय पण पोथीची शाई पाण्याने फुटते, म्हणून मी तरी हात लावणार नाही.